इमानपट्टी

सहादू आबांना कुणी ‘येतो’ म्हटलं, तर ते तोंडातून अक्षर काढत नसत. आता आपल्याकडं घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि घरातल्यानं ‘या’ म्हणायचं असतं. साधी रीत. पण आबा चाळीस वर्षं मुके. सून सीमा पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हाही मुके. ती आधी रुसली, मग म्हणाली, जाऊ द्या, म्हाताऱ्याची तऱ्हा. लेक रामहरीनं कधी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण हे मागाहूनचं शहाणपण.

रामहरीचं बेलापूरला वेल्डिंगचं दुकान. गेल्या जानेवारीत राहात्याच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला काम दिलं. हॉटेलापुढं जुनं विमान उभं केलं, की शिर्डीला जाणारं गिऱ्हाईक फोटो काढायला थांबतं आणि चहा पिऊन जातं, असा त्याचा हिशोब. विमान पडलं होतं एका कारखान्याच्या बंद धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. एके काळी तिथून दोन पिवळी विमानं उडायची आणि उसावर औषध फवारायची. गावात विमानाला इमान म्हणतात, म्हणून ती जागा इमानपट्टी. पंख सोडवायचे आणि ट्रेलर आला की त्यावर चढवायचं, एवढंच काम.

आबा म्हणाले, मलाही ने, एकदा बघून घेतो. ते त्या पट्टीवर झेंडेवाले होते. उसाच्या कडेला लाल झेंडा धरून उभं राहायचं, विमान डोक्यावरून गेलं की वीस पावलं सरकायचं, पुन्हा उभं राहायचं. पायलटला ओळ कळायची ती त्या झेंड्यावरून. आजोबा निघाले म्हटल्यावर आठ वर्षांची ज्ञानेश्वरी कशी मागं राहील! दोघांनाही टेम्पोत घालून रामहरी सकाळी सातला पोचला.

धुकं असं, की शेडच्या दारातून टेम्पो दिसेना. विमानाचा पंखा कुणीतरी केव्हाच काढून नेलेला, इंजिनात चिमण्यांची घरटी. आबा एका पालथ्या पिंपावर बसले. पोरगी विमानाभोवती फिरत होती. रामहरी नट सोडवायला लागला.

थोड्या वेळानं वास आला. उग्र, कडवट, घसा धरणारा. रामहरीला वाटलं, कुणी शेतात फवारतंय. पण आबा ताठ झाले.

“हे औषद आता मिळत न्हाई,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं झाली, बंद झालंय.”

आणि मग, पान्याची टकटक चालू असताना, त्यांनी ते सांगितलं. अशीच सकाळ होती. पायलटसाहेब म्हणाले, सहादू, येतो रे. आबा म्हणाले, या साहेब. विमान गेलं आणि धुकं दाटलं. हात गारठले. एवढ्या धुक्यात साहेब काही लगेच वळत नाहीत, असं समजून आबांनी झेंडा विजेच्या खांबाला बांधला आणि चहा घ्यायला शेडकडं आले. साहेब वळले. त्यांना झेंडा दिसला, तारा दिसल्या नाहीत.

“या म्हनून बोलावलं, अन् जागेवर ऱ्हायलो न्हाई. इमानाला बेइमान झालो म्या.” आबा दाराबाहेरच्या धुक्याकडं बघत होते. “तवापासून त्यो शबुद तोंडातनं काढला न्हाई. पुना या म्हनलं, की ते येनार...”

रामहरीचा पाना थांबला. टकटक थांबली तेव्हा कळलं, मघापासून दुसरंही काही ऐकू येत होतं. वर कुठंतरी, लांब, इंजिनाची घरघर.

“पोरगी कुठंय?” आबा म्हणाले.

दोघं धुक्यात धावले. हाका मारल्या, ओ आली ती थेट पट्टीच्या टोकाकडून, उसाच्या कडेकडून. ज्ञानेश्वरी तिथं खांबाखाली उभी होती. दोन्ही हातांनी बांबू धरलेला, वर लाल फडकं. फडक्याच्या कोपऱ्याला निळ्या लुगड्याचं ठिगळ. ते ठिगळ आबांच्या बायकोनं, भिमाबाईनं लावलं होतं, आणि तो झेंडा त्या दिवशी साहेबांबरोबर जळाला होता.

“एका काकांनी दिला,” पोरगी म्हणाली. “धरून ठेव म्हणाले, येतो.”

“मग तू काय म्हनलीस?”

“या म्हणलं. आईनं शिकवलंय ना.”

घरघर आता वळली होती. जवळ येत होती, खाली येत होती. उसाचे शेंडे हलायला लागले. आबांनी झेंडा पोरीच्या हातातून काढून घेतला.

“ज्याच्या हातात ह्यो, त्याच्यावर येतंय ते. पोरीला घे अन् पळ. मागं बघू नको.”

“आबा, टाका तो...”

“एकदा टाकलाय. आता चहाला जात न्हाई म्या.” मग अगदी रोजच्यासारखं, घरातून निघाल्यासारखं ते म्हणाले, “येतो रे, रामहरी.”

उत्तर ओठांवर आलं होतं. जन्मभराची सवय ती. रामहरीनं दात आवळले, पोरीला उचललं आणि पळत सुटला. डोक्यावरून काहीतरी प्रचंड गेलं, अंगावर कडू तुषार पडले, आणि मग सगळं गप्प झालं.

धुकं फाटलं तेव्हा खांबाखाली कुणी नव्हतं. दंवात पावलं होती. वीस पावलं, उभं राहिल्याची खूण, पुन्हा वीस पावलं. चौथ्या खुणेपुढं दंव कोरं होतं. पोलिसांनी ऊस पालथा घातला, काही मिळालं नाही.

विमान आज राहात्याला हॉटेलापुढं उभं आहे, लोक फोटो काढतात. रामहरीच्या घरात आता निघताना कुणी काही बोलत नाही आणि कुणी काही उत्तर देत नाही. सीमानं पोरीला दहादा बजावलंय. पण धुकं पडलं, की पहाटे घरावर घरघर येते, आणि दाराबाहेर आबांचा आवाज येतो, अगदी मायेचा.

“ज्ञाना, येतो गं...”

रामहरी उठतो आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडावर हात दाबून धरतो. काल पहाटेही धरला होता. तळहाताखाली तिचे ओठ हलले. झोपेतच, एकच अक्षर.