बाई तीच

टक्. स्वयंपाकघरात किटलीचं बटण आपसूक खाली गेलं आणि दुपारची शांतता मोडली. जुई नुकतीच झोपली होती. तिच्या मानेखालचा हात ऋजुताने अलगद सोडवून घेतला. चार वर्षांच्या लेकीची ही झोप म्हणजे ऋजुताचा स्वतःचा एवढाच वेळ, आणि तो घरालाही ठाऊक होता. लेक झोपली की घर तिच्यासाठी गवती चहाचं पाणी उकळायला ठेवायचं.

तिने कप भरून घेतला, तेवढ्यात घराचा मऊ आवाज आला, "आज आईंचा वाढदिवस. फोन लावू?"

ऋजुताच्या आईचा वाढदिवस दिवाळीच्या आसपास असायचा. बाहेर तर मार्चचं ऊन तापत होतं.

"कुणाच्या आईचा?"

"तुमच्या. सुमतीबाई देवस्थळी."

देवस्थळी. हे आडनाव तिने एकदाच ऐकलं होतं, लग्न ठरताना. सारंगने काही लपवलं नव्हतं. केतकी देवस्थळी, याच फ्लॅटमध्ये वर्षभर एकत्र राहिलो, लग्नापर्यंत गेलं नाही, संपलं. ऋजुताने मोठ्या मनाने मान हलवली होती. तेव्हा मन मोठं करणं सोपं होतं, कारण केतकी नुसतं नाव होतं. तिला चहा लागत नव्हता.

पूर्वी संगणकावर एखादं संकेतस्थळ उघडलं की ते तुमच्याकडे एक चिमुकली नोंद ठेवून जायचं. तिला कुकी म्हणत. पुढच्या खेपेला ती नोंद पाहून संकेतस्थळ ओळखायचं, की मागे निळे पडदे बघून गेली ती हीच. परवानगी विचारणारी चौकट यायची. लोक खासगीपणाच्या नावाने कुरकुरायचे आणि चौकट एकदाची डोळ्यांसमोरून जावी म्हणून 'मान्य' दाबायचे. पुढे ती कुकी पडद्यातून घरात उतरली आणि तिला 'खूण' म्हणू लागले. पंखा किती वेगाने, वरणात गूळ किती, कुठल्या गाण्याने झोप लागते, सगळ्याची खूण घर ठेवू लागलं. चेहरा किंवा आवाज ओळखायला मात्र कायद्याने बंदी होती, माणसाचा खासगीपणा जपायचा म्हणून. घर ओळखायचं ते नावाने आणि सवयीने.

गेल्या आठवड्यात नव्या अटी आल्या तेव्हा ऋजुताचे हात कणकेत होते. तिने कोपराने 'मान्य' दाबलं होतं. तेव्हापासून घर जुन्या आठवणी बोलून दाखवू लागलं होतं.

तिने हातातल्या गवती चहाकडे पाहिलं आणि सारंगला फोन लावला.

"पाच वर्षं मी तुझ्या केतकीचा चहा पितेय. माहीत होतं तुला?"

पलीकडे ऑफिसचा गलका होता. त्यातूनच तो म्हणाला, "म्हणजे तुला आवडत नाही तो?"

"तुला आवडतो?"

"छे. मी तर तुझ्यासाठी पितो."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा तिच्यासाठी प्यायचो," सारंग म्हणाला. हे उत्तर आपल्याला सोडवेल, असं त्याला खरंच वाटलं असावं.

खालच्या मजल्यावरच्या डॉ. टिळेकर खुणांच्या तंत्रज्ञानावर काम करून निवृत्त झालेल्या. सोसायटीत सगळे त्यांना काकूच म्हणत. ऋजुताने बोलावल्यावर त्या चष्मा पुसत वर आल्या, भिंतीवरचा पडदा उघडून बराच वेळ वाचत राहिल्या.

"घराच्या हिशेबी तू आणि ती एकच बाई आहात."

"असं कसं, काकू? नाव वेगळं आहे."

"तिथंच तर गोची झाली. लग्न झालं की आपल्याकडे मुलीचं आडनाव जातं. कुणाकुणाचं तांदळात लिहून पहिलं नावही बदलतात. नाव बदललं की घर तिला परकी समजायचं, सगळं पहिल्यापासून विचारायचं. फार तक्रारी आल्या. म्हणून नियम घातला, पुरुष तोच, पत्ता तोच, लग्नाची नोंद झाली आणि बाईचं नाव नवं आलं, तर बाई तीच."

"आणि कुणाला वाटलं नाही, की बाईच बदलली असेल?"

"वाटलं असतं तर चेहरा बघावा लागला असता. त्याला तर बंदी."

ऋजुता घराकडे बघत राहिली. सारंग यायच्या वेळी घर दिवे पिवळसर करायचं. त्या उजेडात तो म्हणायचा, छान दिसतेस. तो उजेड कुणी आपल्या चेहऱ्याला शोभेसा निवडला होता? नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं. ही तर तिच्याच सवयींत राहत होती.

"तिचं तेवढं काढून टाका."

"दही लागल्यावर विरजण वेगळं काढता येतं का गं? लग्नाआधी तुला कुठला चहा आवडायचा?"

ऋजुताने आठवून पाहिलं. आलं घातलेला असेल. किंवा साधाच. नक्की सांगता येईना.

"पुसायची तर सगळीच पुसावी लागेल," काकू म्हणाल्या. "लेकीची खूणही तुझ्याच खुणेवर वाढलीय. तीही जाईल. घाई करू नकोस. सारंगशी बोल."

"त्याच्याशी काय बोलू? त्याला दोघी सारख्याच." ती पडद्याजवळ गेली. "पुसा. केतकीचा केससुद्धा नको मला या घरात."

काकूंनी सुस्कारा टाकला आणि बोट टेकवलं. घर गप्प झालं. पंखा थांबला. मग एक अनोळखी, कोरडा आवाज आला, "नमस्कार. या घरात कोण कोण राहतं?"

त्या आवाजाने जुई जागी झाली. पांघरूण ओढत दारात आली, डोळे चोळत भिंतीकडे बघत म्हणाली, "मी जुई. मला ओळखत नाहीस?"

"जुई. सुंदर नाव. कुणाला सुचलं?"

आणि ऋजुताला नवव्या महिन्यातली ती संध्याकाळ आठवली. मुलगी झाली तर तुम्हाला हे नाव आवडेल, असं घर म्हणालं होतं. आपल्या मनातलं कुणीतरी ओळखलं म्हणून ती तेव्हा रडली होती. बारशाला आत्याने तेच नाव कानात सांगितलं होतं.

जुईने तिचा पदर ओढला.

"सांग ना त्याला, आई. माझं नाव कुणाला सुचलं?"