वेणूच्या मनगटावरची बोटं

खोटंच सांगायचं असतं तर अमावस्येची रात्र सांगितली असती. पण हे घडलं भर दुपारी. डहाणूच्या किनाऱ्यावर, आमच्याच घरात. साल अठ्ठावन्न, बोंबील वाळवायचे दिवस.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

नारू माझा भाऊ. वेणू त्याची बायको, मसोलीच्या देवजीची लेक. पदरात तान्ही हिरी. त्या वर्षी वेणू पांढरीफटक पडत चालली. हिरड्यांतून रक्त यायचं. आणि दंडावर काळेनिळे डाग...

देवजीनं ते डाग पाहिले आणि अंगणातच नारूची गचांडी धरली.

"माझ्या पोरीला मारतोस, मेल्या? घेऊन जातो तिला. तान्हीलाही!"

"दर्याची आण, बोट नाही लावलं," नारू म्हणाला.

वेणूही तेच म्हणाली. पण मार खाणारी बाई दुसरं काय सांगते? खरं सांगू, मलाही भावाचा संशय यायला लागला. दोन घोट पोटात गेल्यावर पुरुषाचा काय भरवसा!

नारू होडीवर गेला तशी मी ठरवलं, आता बघतेच. तो येईपर्यंत वेणूला नजरेआड करायची नाही.

दुपारी ती आतल्या खोलीत निजली. दाराला आतून कडी घालून मी तिच्याशेजारी सुकट निवडत बसले. बाहेर बोंबलांवर कावळे नुसते कलकलत होते.

एकाएकी कावळे गप्प...

सुकटीवरच्या माश्या... एकही नाही.

वेणू झोपेतच पुटपुटली, "सोड ना... येते."

तिच्या मनगटावर सकाळी काही नव्हतं. आता तिथं बोटं उठत होती...

निळी. एकामागून एक. करंगळीच्या जागी मात्र अर्धंच बोट.

आई गं! माझ्या हातातलं सूप पडलं.

नारू आला तसं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जावयावर नजर ठेवायला देवजीही आला. डॉक्टरांनी तिच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, तपासला.

"रक्त हाडांतल्या मगजात तयार होतं," डॉक्टर म्हणाले. "हिचा मगजच बिघडलाय. रक्ताचा कॅन्सर आहे. हिला कुणी मारलेलं नाही. अशा माणसाला नुसतं हलकं धरलं तरी वळ उठतो."

देवजीनं जावयाचे हात धरले आणि तिथंच रडला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. भाऊ सुटला!

पण राहवेना. विचारलंच.

"डॉक्टर, मग धरलं कुणी?"

त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

तेव्हा त्यावर औषध नव्हतं. वेणूला घरी आणली. होळीच्या आत ती गेली.

तिला आंघोळ घालायला मी आणि तिची आई सोनूबाई होतो. मी मनगट उलटं केलं...

तीच बोटं. ताजी.

सोनूबाईच्या हातून तांब्या सुटला.

"ही माझ्या भिकीची बोटं गो!"

भिकी म्हणजे वेणूची थोरली बहीण. मासे कापताना तिची करंगळी अर्धी तुटली होती. वेणूच्या लग्नाआधीच वारली. कशानं, ते या लोकांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"तीही अशीच गेली," सोनूबाई म्हणाली. "पांढरी पडून, काळेनिळे डाग येऊन. एकटी कधी झोपायची नाही. वेणूचं मनगट धरूनच झोपायची."

हिरीला मीच वाढवली. आता तिला सून आली, तरी रक्त तपासायला मी मागे लागून पाठवते. रिपोर्ट चांगला येतो. डॉक्टर म्हणतात, आजी, उगाच घाबरता.

असेल बाबा. पण दुपारी ती आडवी झाली की मी तिचा हात धरून बसते. घट्ट.

परवा तिला जाग आली आणि हसत म्हणाली, "आत्या, दोन्ही हात कशाला गं धरून ठेवतेस?"

मी एकच धरला होता.