चाकाखालचा चट्टा

मालगाडीची एक रिकामी वाघीण गोदामाच्या तोंडाशी धडकून थांबली होती. तिच्या आणि रुळाच्या शेवटच्या ठोकळ्याच्या मध्ये सकाळी एका हमालाचा पाय सापडला होता. आता तिथे फक्त एक चप्पल उरली होती.

"यात बघायचंय काय?" यार्डाचे साहेब तपासनीस बाईंच्या मागे घुटमळत होते. "शंटरनं हातब्रेक आवळला नाही. वाघीण उताराला लागली. सगळ्यांत आधी मीच धावलो. ब्रेक सैल होता, या डोळ्यांनी पाहिलाय."

"आवाज झाला?"

"कसला आवाज! मांजरासारखी आली."

बाईंनी दोन हमालांना पहार लावून वाघीण हातभर मागे सरकवायला सांगितली. मग त्या गुडघ्यावर बसल्या. चाकाचा जो भाग आतापर्यंत रुळावर टेकला होता, तिथली गोलाई गेली होती. तळहाताएवढा सपाट चट्टा पडला होता, निळसर आणि ताजा. शेजारच्या चाकालाही तसाच.



साहेबांचा जबाब त्यांच्या खोलीत झाला. पंख्याखाली कागद फडफडत होते. त्यांच्यावर वजन म्हणून जुना लोखंडी दांडा ठेवला होता, अंगभर गंजलेला. टोक मात्र लख्ख.

"तुम्ही पूर्वी इंजिन चालवायचात?"

"निम्मी हयात गेली त्यात," साहेब म्हणाले.

डबे जोडायचं-सोडायचं काम करणारा शंटर बाहेरच्या बाकावर बसला होता. दुसऱ्या टोकाला त्याची भावजय, तोंड फिरवून. पाय चिरडलेला हमाल तिचा नवरा, म्हणजे शंटरचा सख्खा धाकटा भाऊ.

"ब्रेक आवळला होता?"

"हात भरून येईपर्यंत आवळला, बाई."

"मग काय वाघीण उडत आली?" भावजय फाडकन वळली. "निदान खोटं तरी बोलू नका, भाऊजी!"

शंटरनं मान खाली घातली. त्याची नोकरी तर गेल्यातच जमा होती, पण त्याला लागलं ते हे.

"ब्रेक आवळून कुठे गेलात?" बाईंनी विचारलं.

"साहेबांकडे. म्हटलं, गोदामातली माणसं रुळावर आहेत, ती हटल्याशिवाय ढकलायचं नाही. म्हणाले, बरं, चहा पिऊन ये. ड्रायव्हरही आला माझ्यासोबत. इंजिन वर उताराच्या डोक्याशी, वाघिणीच्या मागेच, सुरू होतं."

"तुमचे यजमान दवाखान्यात काही बोलले?" बाईंनी भावजयीला विचारलं.

"किंचाळल्यासारखा आवाज आला म्हणतात. मला वाटलं, ग्लानीत बोलतायत."

कँटीनवाली मावशी तावातावानं बोलली. "होता की ड्रायव्हर! आणि त्याचा तो तेलकट दांडा माझ्या टेबलावर, कपाशेजारी! रोज सांगते, खाली ठेव."

"मावशी, एक वेळ बायकोला विसरेन, याला नाही," ड्रायव्हर म्हणाला. बाईंना त्यानं दांडा दाखवला. "हा खोबणीत बसवल्याशिवाय इंजिन पुढं जात नाही की मागं. म्हणून उतरताना सोबत न्यायचा. नियमच आहे."

बाईंनी सगळ्यांना वाघिणीपाशी बोलावलं. येताना साहेबांच्या टेबलावरचा दांडा ड्रायव्हरला आणायला सांगितला.

"ब्रेक आवळलेला असला की चाक फिरत नाही, रुळावर घासत जातं आणि एकाच जागी झिजतं. हा चट्टा वाघीण थांबली तेव्हा रुळावरच टेकलेला होता. म्हणजे ती शेवटपर्यंत घासत आली, किंचाळत. मांजरासारखी नाही. ब्रेक सैल झाला तो त्यानंतर. आणि आधी धावलं कोण?"

साहेब हसले. "आवळलेली वाघीण उतरेल कशी मग?"

"उतरणार नाही. इंजिननं ढकलावी लागेल. ड्रायव्हरचा दांडा तर कँटीनमध्ये होता."

ड्रायव्हर एव्हाना दांडा घेऊन उतार चढून इंजिनवर गेला होता. वरून त्याचा आवाज आला. "बसला, बाई! अगदी फिट्ट!"

साहेबांनी रुमाल काढला, पण घाम पुसला नाही.

"टोकाचा गंज कागदांवर बसून निघत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घाई होती. माणसं हटायची वाट पाहायची नव्हती. ब्रेक सोडणं शंटरचं काम, ड्रायव्हर तिकडे बघतही नाही. जुन्या सवयीनं तुम्हीही पाहिला नाहीत. वाघीण जड लागली, तेव्हा आणखी जोर दिलात. ती दणक्यानं सुटली. खाली धावल्यावर आवळलेला ब्रेक दिसला, तो तुम्ही सैल केलात. तो जर तसाच सापडता, तर पहिला प्रश्न इंजिनचा निघाला असता."

"फोनवर फोन येत होते..." साहेब पुटपुटले. "मला वाटलं, एकच तर वाघीण आहे."

"मी सांगितलं होतं ना, माणसं आहेत म्हणून!" शंटरचा आवाज फाटला. तो पुढे झाला, तसा उतारावरून परत आलेल्या ड्रायव्हरनं त्याला धरलं. साहेबांना पोलीस घेऊन गेले, तेव्हा तो तिथेच उभा होता.

भावजय त्याच्याजवळ आली. 

"शुद्धीवर आल्यापासून विचारतायत, दादा का नाही आला. मीच म्हटलं, नाव काढू नका त्यांचं."

"पाय?"

"राहील की काढावा लागेल, डॉक्टर संध्याकाळी सांगणार आहेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला एकटीला नाही ऐकवणार ते, भाऊजी. चला."

शंटरनं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि तो तिच्यामागे निघाला.