दोघांपुरता कॉल

चिटगुप्प्याच्या बाजारात भीमराजचं नेट कॅफे होतं. दुबईला गेलेल्यांच्या बायका तिथं पडद्यावर नवऱ्याचं तोंड पाहायला यायच्या, आणि सोबत घरातलं कुणी ना कुणी असायचंच. त्या दुपारी दानम्मा एकटीच आली, तेव्हा भीमराजला नवल वाटलं.

"भीमराजअण्णा, आपलं बोलणं दुसऱ्या कुणाला कळणार न्हाई, असं कॉलचं ॲप कोणतं हाय?"

विषय आवडीचा निघाल्यावर भीमराज रंगात आला. "लाल चित्राचं सगळेच वापरायलेत. पण कुणाला कवा कॉल केला ते त्यात मागं राहतंय. उद्या तुमचे दीर बसले की त्यांना दिसंल. हे पांढरं नवीन हाय. मागं काहीच ठेवत न्हाई. आन् तिसरा माणूस आत शिरूच शकत न्हाई."

"मग पांढरंच लावा. दाराशी कुणाला येऊ देऊ नका."

"मी सुदिक वाकून बघणार न्हाई, अक्का. शब्द हाय."

त्यानं फोन करून दानम्माच्या नवऱ्याला, अरुणकुमारला, तिकडं तेच उघडायला सांगितलं.

दानम्माला एकच गोष्ट सांगायची होती. सासरा वारला होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला पुरताना खड्ड्यात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, वरून विभूती आणि मीठ ओतलं. पण दिरानं, माणिकप्पानं, साऱ्या घराला दम भरला होता. दुबईतल्या नोकरीचा करार संपेपर्यंत अरुणकुमारला कळता कामा नये, तो जिवाचं बरंवाईट करून घेईल. दर रविवारी नवरा विचारायचा, अप्पा कुठं हायत? दीर शेजारून म्हणायचा, शेतात. दानम्माला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिनं केबिनची कडी लावली. नवरा दिसला, तिकडच्या खोलीत पलंगावर बसलेला. बाहेर भर बाजार चालू होता, आणि आत मात्र ओल्या मातीचा वास यायला लागला.

"ऐकायलात का? तुमचे अप्पा..."

"दिसायलेत की!" तो हरखला. "पण त्यांना खाली कामून बसवलंस?"

दानम्मानं मागं पाहिलं. मागं फक्त कडी लावलेलं दार होतं.

"अहो, अप्पा गेले... मागल्या महिन्यात गेले हो..."

"तुझं तोंड हलायलंय, आवाज येत न्हाई. अप्पाचा तेवढा यायलाय." तो पडद्याजवळ वाकला. "आन् त्यांच्या मांडीवर मीठ कसलं सांडलंय?"

हेडफोनमध्ये नवऱ्याखेरीज कुणाचाच आवाज नव्हता.

"व्हय अप्पा," तो शहाण्या पोरासारखं म्हणाला. "बसतो..."

तो पलंगावरून उतरला. खाली मांडी घातली. डावा तळहात मांडीवर उघडा ठेवला.

"उठा! बसू नका हो!" दानम्मा दोन्ही हातांनी पडदा बडवायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली. "अरुणकुमार!"

त्याला तीही ऐकू गेली नाही. तो तिच्या खांद्यामागं कुठंतरी बघत मान डोलावत होता. वरून त्याच्या मांडीवर काहीतरी पांढरं पडायला लागलं, आधी चिमूटभर, मग ओंजळ-ओंजळ. बघता बघता ते छातीपर्यंत आलं.

बाहेर भीमराजला तिचा हंबरडा ऐकू आला. नवऱ्याशी बोलताना बायका रडतातच, आणि त्यानं शब्द दिला होता. तो केबिनकडं पाठ करून बसून राहिला.