गाडी कुणी हलवली?

अरे, पुरे कर ते किल्ली पिळणं! बॅटरीचा जीव घेशील अशानं. पेट्रोल साचलंय आत, वास येत नाही का नाकाला? आता अर्धा तास त्या मोटरसायकलला हात लावायचा नाही. बसा इथे पायरीवर. तूही बस. आणि तो फोन खिशात घाल, उजेड डोळ्यांत जातो माझ्या.

अर्धा तास करायचं काय? मी सांगतो ते ऐका. गोष्ट नाही, घडलेलं आहे. माझ्या गॅरेजमधला भागीदार आठवतो ना, ज्याला सगळे वायरमन म्हणायचे? तोच. नाकावर राग. हातातून पाना सटकला की पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण गाडीची वायरिंग त्याच्याइतकी कुणाला कळत नव्हती. आता त्यानं ते काम सोडलंय. का सोडलं, ते सांगतो.

गेल्या वर्षीचा डिसेंबर. सतरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी सातला त्याला फोन आला. चित्रकलेच्या मास्तरांच्या बायकोचा. मास्तर जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

"भावजी, ती गाडी एकदा चालू करून द्याल का? सकाळी आठला भंगारवाला येतोय. लेकीनं बोलावलाय. मला फक्त एकदा तिचा आवाज ऐकायचाय."

आता मास्तरांची गाडी म्हणजे काय प्रकरण होतं, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. पस्तीस वर्षांची. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. दोन तिकोनी ठोकळे आत गरगर फिरतात, बस्. रोटरी म्हणतात त्याला. सुरू झाली की शिलाई मशीनसारखी गुळगुळीत चालायची, पण नखरे नव्या नवरीचे. तिचा एकच कायदा होता. थंड असताना चालू करून लगेच बंद करायची नाही. केलीत की पेट्रोल आत साचतं, आतलं तेल धुऊन जातं, दाब धरत नाही, आणि मग बाईसाहेब रुसल्या. म्हणून मास्तर दर रविवारी तिला घड्याळ लावून दहा मिनिटं चालू ठेवायचे, शेवटी एकदा जोरात रेस द्यायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. दहा म्हणजे दहा. साडेनऊ नाही.

चुकून रुसलीच, तर चारही प्लग काढून स्वयंपाकघरात तव्यावर वाळवायचे. वहिनी ओरडायच्या, "माझा तवा आहे का तुमचा कारखाना?" मास्तर हसायचे. हँडब्रेक ढिला म्हणून मागच्या चाकाखाली एक वीट ठेवायचे, तीसुद्धा निळ्या रंगानं रंगवलेली. चित्रकलेचे मास्तर ना!

जूनमध्ये एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना पाच मिनिटांवर. वहिनींनी रुग्णवाहिकेला फोन केला, पण मास्तर म्हणाले, तिला यायला वीस मिनिटं लागतील, तोवर आपण पोचू. गाडीत बसले, किल्ली फिरवली. चालू झाली नाही. फिरवत राहिले. रुग्णवाहिका यायच्या आत... तिथेच, स्टिअरिंगवर डोकं टेकवून गेले. त्या दिवसापासून लेक त्या गाडीचं तोंड बघत नव्हती. म्हणायची, बाबांनी जिला पोटच्या पोरीसारखं जपलं, तिनंच दगा दिला. तुकडे करा तिचे.

पण दगा गाडीनं दिला नव्हता. हे एकाच माणसाला माहीत होतं.

त्याच दिवशी दुपारी वायरमन मास्तरांकडे मीटरच्या बोर्डचं काम करायला गेला होता. घराच्या अंगाला लांबट शेड, गाडी शेडच्या अगदी आतल्या टोकाला, आणि बोर्ड तिच्या मागच्या भिंतीवर. शिडी लावायला जागा नाही. मास्तर बाहेर गेलेले, वहिनी झोपलेल्या. यानं खुंटीवरची किल्ली घेतली, वीट पायानं कोपऱ्यात सरकवली, गाडी चालू केली, बारा पावलं पुढे घेतली आणि बंद केली. कायदा माहीत होता त्याला! पण दहा मिनिटं कोण थांबणार? काम उरकलं, किल्ली खुंटीवर टांगली, निघून गेला. कुणाला काही बोलला नाही. नंतर तर बोलायची सोयच राहिली नाही.

तर असा हा माणूस त्या मंगळवारी साडेआठला नवी बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन घेऊन तिथे पोचला. त्याच्या मनात एकच. गाडी चालू झाली, की लेकीला म्हणता येईल, बघ, चांगली आहे, मोडू नकोस. गाडी वाचेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. म्हणजे सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

नवी बॅटरी जोडली, ताजं पेट्रोल घातलं, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन ढिम्म. पुन्हा. ढिम्म. पाचव्या वेळी पेट्रोलचा भपकारा आला. मग त्यानं पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला, म्हणजे आत नवीन थेंब जायला नको. प्लग काढले. चारही ओले. पुसले. प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं, दाब धरावा म्हणून. वायरींची अदलाबदल झालीय का बघितलं. नव्हती. एक प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघितली. निळी, ठणठणीत. फ्यूज लावला, किल्ली फिरवली. काही नाही.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे! मग तुझं अडतंय कुठे, भवाने?" असं म्हणून त्यानं टायरला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला.

ढकलून बघू म्हणून वहिनींना हाक मारली. दोघांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. सहा महिने उभी राहून मागचे ब्रेक गंजून चिकटले होते, चाकं जाम. हातोड्यानं ठोकून बघितली, तरी सुटेनात. झालं! त्याच्या डोक्यात तिडीक गेली. फ्यूज काढ, प्लग काढ, पुस, तेल, लाव, फिरव. पुन्हा तेच. हाताची सालटी निघाली. पावणेअकरा वाजले.

वहिनी चहा घेऊन आल्या. पिंपावर बसल्या आणि गाडीकडे बघत म्हणाल्या, "शेवटचं काय बोलले, माहितीय? डॉक्टर नाही, लेकीचं नाव नाही. म्हणाले, 'गाडी कुणी हलवली?' दोनदा म्हणाले. जाताना माणूस कायपण बडबडतो हो."

वायरमननं कप न पिताच खाली ठेवला. वहिनींना वाटलं, दमलाय.

"जाऊ द्या भावजी, नाही होत तर नाही. मी पडते जरा. जाताना दार ओढून घ्या."

त्या गेल्या. माणसानं तेव्हाच सामान आवरावं की नाही? पण हा हट्टाला पेटलेला. फ्यूज पुन्हा काढला, खिशात टाकला. यावेळी तासभर लावलाच नाही. नुसता स्टार्टर फिरवत राहिला, आतलं सगळं पेट्रोल बाहेर फेकलं जावं म्हणून. पावणेबाराला प्लग काढले.

ओले. नुसते ओले नाहीत. टपटप गळत होते.

पंप बंद. फ्यूज खिशात. मग पेट्रोल येतंय कुठून?

तो पुन्हा आत बसला. किल्ली फिरवली. प्लगची भोकं उघडीच. फुस्... फुस्... फुस्... त्याला वाटलं, हा आवाज इंजिनचा नाही. कुणीतरी धाप लागल्यासारखं श्वास घेतंय. त्यानं किल्ली सोडली. आवाज थांबला. किल्ली काढून मुठीत धरली.

आणि मग... एकदाच... फुस्.

किल्ली खिशात टाकून तो बाहेर आला. पळाला नाही म्हणतो. पण चारही प्लग मुठीत घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला. बारा वाजून दहा मिनिटं. गॅस पेटवला, तवा ठेवला, तव्यावर चारही प्लग मांडले. मास्तर मांडायचे तसे. ओळीनं.

प्लग तडतडायला लागले. त्याचा राग कधीच गेला होता. उरली होती ती भीती, आणि भीतीच्या खाली सहा महिने दाबून ठेवलेलं ते. तव्याकडे बघत तो हळूच म्हणाला,

"मास्तर... गाडी मी हलवली."

त्यानं एक प्लग चिमट्यानं उलटा केला.

"काय म्हणालात?"

मागे वळला. दारात वहिनी.

...

आता मागे सरायला जागाच नव्हती. "मी हलवली, वहिनी. त्या दुपारी. बारा पावलं. आणि लगेच बंद केली. मला कायदा माहीत होता."

वहिनी तव्याजवळ आल्या. ओळीनं मांडलेले प्लग बघितले.   मग म्हणाल्या,

"म्हणजे ते बडबडत नव्हते. सहा महिने मी त्यांचं शेवटचं बोलणं बडबड म्हणून सांगत फिरले..."

आणि शेडमध्ये स्टार्टर फिरला.

एकदाच.

इंजिन लागलं.

गुळगुळीत. एकसारखं. खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. वायरमननं तव्याकडे बघितलं. एक. दोन. तीन. चार. चारही प्लग तव्यावर. छाती चाचपली. खिशात फ्यूज. फ्यूजशेजारी किल्ली.

तो दाराकडे निघाला. वहिनींनी त्याची बाही पकडली.

"थांबा."

"वहिनी, अहो..."

"दहा मिनिटं."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा सतरा. दोघं उभे. कुणी बसलं नाही.  बारा वीस... बारा चोवीस... वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा... तो म्हणतो, तसा शांत चेहरा त्यानं कुणाचा बघितला नाही. बारा सत्तावीस.

एकदा जोरात रेस.

मग बंद.

...

टॉर्च घेऊन दोघं शेडमध्ये गेले. गाडी होती तिथे नव्हती. जिथून दोघांनी ढकलूनही हलली नव्हती, तिथे नुसता मोकळा कोबा. बारा पावलं मागे, अगदी आतल्या टोकाला, आपल्या जागेवर उभी. वायरमननं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला.

थांब, थांब. तू काय म्हणणार ते माहीत आहे मला. थाप मारली असेल, वहिनींना भास झाला असेल. त्यानं रात्रीच येऊन मला उठवून सांगितलं, तेव्हा मीही त्याला तोंडावर तेच म्हणालो होतो. म्हणून सकाळी साडेसातला मी स्वतः गेलो. लेक आली होती. वायरमननं तिलाही सगळं सांगितलं, माझ्यासमोर, मान खाली घालून. ती त्याला एक शब्द बोलली नाही, आणि आजही बोलत नाही. पण भंगारवाला आला, तेव्हा तिनं त्याच्या ट्रकला फाटक उघडलं नाही. गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली नुसती.

मग मी म्हटलं, बघू तरी. मी, वायरमन, भंगारवाला आणि त्याचा ड्रायव्हर, चौघांनी जोर लावला. गाडी केसभर हलली नाही. मागची चाकं तशीच, गंजून जाम. प्लगची चारही भोकं उघडी. कोब्यावर ओढल्याचा एक ओरखडा नाही.

आणि मागच्या चाकाखाली ती निळी वीट होती. नीट सरळ लावलेली. मी वाकून काढायला गेलो, तर लेक म्हणाली, "राहू द्या काका, ती तिथेच असते."