दोन जास्तीची अक्षरं

तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा माझ्या स्क्रीनला हसत होता.

रहिमतपूरजवळच्या एका गावातली दूध डेअरी. ऊसतोडीचे दिवस, आणि थंडी अशी की बोटं पोटाशी धरून बसावं. साताऱ्याहून पहिल्या एसटीनं येऊन मी आमच्या कंपनीचं मशीन टेबलावर मांडलं होतं. किटलीतलं थोडं दूध त्यात ओतलं की फॅट किती, लिटर किती, हे छोट्या रंगीत पडद्यावर मराठीत येतं. म्हणजे यायला हवं. प्रत्यक्षात फॅटचा 'फ' शाई सांडल्यासारखा दिसत होता, आणि आकड्यांबद्दल तर बोलायलाच नको. डेअरीचे सेक्रेटरी धनाजी डोळे बारीक करून म्हणाले, "मॅडम, ह्यो तीन हाय का सहा?"

"सहा," मी म्हणाले. मलाही खात्री नव्हती.

तेवढ्यात रांगेतला मफलरवाला हसला.

"हसायला काय झालं?"

"नाही... हे अक्षर कोणी काढलंय?"

"कोणी काढत नसतं. कॉम्प्युटरवरचा फॉन्ट असतो, तो बदलून मशीनमध्ये भरायचा."

"म्हणजे कोणीच काढलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला, "वाटलंच मला."

मला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. सहा वर्षं एकाच कंपनीत, एकाच खुर्चीत. मैत्रिणी पुण्याला गेल्या, घरचे स्थळं दाखवून दमले, मी नाही म्हणून दमले. त्याला मी फक्त म्हणाले, "मग तुम्ही काढून द्या."

आणि त्यानं ते खरं मानलं.

त्याचं नाव अमृत. सांगलीचा. अक्षरं रेखाटून फॉन्ट बनवणं हाच त्याचा धंदा, हे मला त्या दिवशी चहा पिताना कळलं. इथं गावात त्याची आत्या, बनुबाई. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून हा काही दिवस राहायला आला होता आणि रोज त्यांच्या म्हशीचं दूध डेअरीत आणून घालत होता. आमचे साहेब, नानासो, त्यांनाही कटकट मिटायला हवीच होती. त्यांनी फोनवरच काम देऊन टाकलं.

अडचण एकच होती. मशीनच्या चिपमध्ये जागा टीचभर. मोबाइलसारखा अख्खा फॉन्ट तिथं मावत नाही. म्हणून लागतात तेवढीच अक्षरं निवडायची, एकेक अक्षर ठिपक्यांचं करायचं आणि आत ठेवायचं. मोठं अक्षर नुसतं दाबून लहान केलं की ठिपके कुठंही पडतात. अमृत प्रत्येक ठिपका स्वतः बसवणार होता. मी त्याला जागा मोजून देणार होते.

"किती देता?" त्यानं फोनवर विचारलं.

"चाळीस केबी."

"आवं मॅडम, एवढ्यात माझा 'ळ' पण मांडी घालून बसायचा नाही."

"मग त्याला आवरून बसायला सांगा."

"तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही तो."

"मला वेळ नाही."

"मग तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा... मी ऐकवतो त्याला."

मी फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की मी हसत होते, आणि ऑफिसातली पूजा माझ्याकडे बघत होती.

मग हे रोजचंच झालं. सकाळी डेअरीत तो मागं उभा राहायचा, मी नवा फॉन्ट मशीनमध्ये घालायचे, तो मान वाकडी करून बघायचा. कधी म्हणायचा, "फ जरा लठ्ठ झालाय." कधी नुसताच माझ्याकडे बघायचा आणि मग घाईघाईनं पडद्याकडे. त्याच्या मफलरला म्हशीच्या गोठ्याचा वास यायचा. मला अमृत आवडायला लागला होता... आणि त्या आवडण्याचा आधी मला कंटाळाच आला, कारण डोक्याला आणखी एक काम वाढलं होतं.

आकडे मोठे करा, हे मी म्हणाले होते. डेअरीत येणारी निम्मी माणसं म्हातारी. चष्मा घरी ठेवून येतात. अमृतनं मग असे आकडे काढले की अख्खा पडदा भरून जावा. भरघोस, गोलाईचे, अगदी प्रसन्न. रांगेसाठी दोरी बांधलेली असते, तिच्या मागूनही स्वच्छ दिसायचे. धनाजी खूश. नानासोंनी फोटो काढून सगळीकडे पाठवला. मला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

दोन दिवसांनी बनुबाई स्वतः आल्या, काठी टेकत. त्यांची म्हैस नुसत्या उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर होती, दुसरा चारा नव्हता. दूध ओतलं, पडद्यावर फॅट आलं. कमी आलं. आणि मोठ्ठं आलं.

दोरीमागून कोणीतरी म्हणालं, "बनुबाई, हिरीचं पाणी लय गोड हाय वाटतं तुमच्या."

रांग हसली. वाईट मनानं नाही, नेहमीच्या थट्टेनं. पण बनुबाईंनी वळून बघितलं नाही. किटली उचलली, पदर सावरला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं दूध रस्त्यावरच्या हॉटेलात गेलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींचं.

जुन्या मशीनचा आकडा बारीक होता. ज्याचं दूध तो वाकून बघायचा, बाकीचे तेवढ्यापुरते इकडंतिकडं बघायचे. गावात ही रीतच होती. ती मी सहा वर्षं बघत आले होते, आणि तरी मला कधी दिसली नव्हती.

त्या दिवशी अमृत डेअरीच्या कट्ट्यावर येऊन बसला. भांडायला आला असेल असं वाटलं.

"मोठे करा कोण म्हणालं?" मीच विचारलं.

"तुम्ही."

"काढले कोणी?"

"मी."

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, तिची धूळ आमच्या चहात बसली. मग तो कपाकडे बघत म्हणाला, "हैदराबादहून बोलावणं आलंय. मोबाइल कंपनी आहे. संक्रांत झाली की या म्हणतात. अजून हो म्हटलेलं नाही."

मी कपातली धूळ बोटानं काढली.

"जा की," मी म्हणाले, "तिथं जागेची अडचण नसेल."

"तेवढंच?"

"आणखी काय?"

"नाही... काही नाही." त्यानं कप कट्ट्यावर ठेवला. "आकडे बारीक करून देतो. आत्याला परत आणायचं आहे. तेवढं झालं की मी मोकळा."

एसटीत बसल्यावर मला रडू आलं. इतक्या साध्या गोष्टीला मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काय गेलं असतं? फार तर तो हसला असता. हसला असता तर मी पुन्हा दमून झोपले असते, त्यात नवीन काय.

त्यानं नवे आकडे पाठवले. त्यांत त्याची हौस कुठंच नव्हती. बारीक, अंग चोरलेले. पण वाकून बघितलं तर एकेक ठिपका जागेवर. त्याच मापाची सगळी अक्षरंही त्यानं पाठवली होती. त्यातली पडद्यावर लागणारी तेवढीच मी आत घेणार होते. फॅट, लिटर, नंबर, सकाळ, संध्याकाळ यांना पुरतील एवढीच, असं आमचं ठरलेलं होतं. ऑफिसात बसून मी ती निवडली. मग पुन्हा फाइल उघडली, आणखी दोन अक्षरं घातली. कॉम्प्युटर म्हणाला, चिपमध्ये जागा नाही. मी नानासोंचा लाडका कंपनीचा लोगो काढून टाकला.

सकाळी डेअरीत रांग होती. अमृतनं आत्याला आणलं होतं. कोणाला आकडा दिसला तर तिथूनच परत फिरू, या बोलीवर त्या आल्या होत्या. त्या शेवटी उभ्या होत्या, किटली पदराखाली धरून. ज्यांनी थट्टा केली होती ते साळसूदपणे आकाश बघत होते.

अमृत दोरीपाशी थांबला. तिथून दिसतं का, हे बघायचं काम त्याचं. मी लॅपटॉपची वायर मशीनला जोडली आणि आकडे टाकले.

"दिसतंय?"

"नाही."

"नीट बघा."

"बघतोय. काहीतरी आहे एवढंच कळतंय."

"हे?" मी दुसरे आकडे टाकले.

"नाही दिसत, शिवांजली."

त्यानं पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. धनाजी पाठमोरे बाटल्या विसळत होते. मी लॅपटॉपवर लिहिलं, पडद्यावर पाठवलं.

"आणि हे?"

"तेही नाही. काय आहे?"

"दिसत नाही ना? मग चाचणी झाली."

"नाही, पण... लिहिलंय काय?"

पुसायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी बोट उचललं आणि बाजूला सरकले.

तो दोरीखालून वाकून आला. टेबलाशी आला, पडद्यावर ओणवा झाला. पडद्यावर त्याच्याच बारीक अक्षरांत लिहिलं होतं: *जाऊ नका.*

मग वर न बघता म्हणाला, "यात 'ज' नव्हता. 'ऊ' पण नव्हता."

"मी घातले."

"जागा कुठं होती?"

"केली. साहेबांचा लोगो काढला."

"ते ओरडतील."

"ओरडू देत. मला तुम्ही आवडता, अमृत. सांगायला उशीर केला, कारण... मला वाटलं आता या वयात हेही करायचं म्हणजे किती दगदग. पण तुम्ही गेलात तर त्याहून जास्त होईल."

मागून बनुबाईंची हाक आली. "काय लिवलंय रं तितं? माझं दूद गार व्हायलंय."

"काय न्हाई आत्या," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आकडा बघतोय."

"आन आमास्नी कसा दिसंना?"

"तुमास्नी दिसायचाच न्हाई तो."

"मग बरं हाय," बनुबाई म्हणाल्या, आणि रांग सोडून सरळ पुढं यायला लागल्या.

अमृतनं हात लांब करून पडदा स्वतः पुसला. मग माझ्याकडे बघितलं, या वेळी घाई न करता.

"नाही जात," तो म्हणाला.

बनुबाईंनी दूध ओतलं. वाकून आपला आकडा बघितला, मान हलवली आणि किटली घेऊन गेल्या. थोड्या वेळानं साताऱ्याची एसटी फाट्यावर हॉर्न देत थांबली. मी बॅग उचलली नाही.