फ्लोरिडाचे एकेचाळीस रहिवासी

टेबलावर चार कागद होते. एक, सैनिकाच्या रहिवासाच्या राज्याचा दाखला. दोन, त्याला टाचलेली तीन ओळींची टंकलेली चिठ्ठी. तीन, पगारपावती. चार, एका निनावी पत्राची प्रत. ओडेसा रेनीने ते एका ओळीत लावले, पुन्हा मोजले आणि मगच ते आणणाऱ्या माणसाला बसायला सांगितलं.

स्टाफ सार्जंट लामार व्हिसेनंट खुर्चीच्या कडेवर टेकला. खिडकीशी गिल पोटीट उकडलेल्या शेंगा सोलत होता. ओडेसाची हयात लष्कराच्या पगारकचेरीत गेली होती आणि गिलची लष्करी पोलिसात. आता जॉर्जियातल्या या छावणीच्या दाराशी दोघं मिळून खाजगी तपासाची कामं घेत. डोकं ओडेसाचं, गाडी गिलची.

व्हिसेनंटची हकिगत थोडक्यात अशी. सैनिकाला हुकमाने कुठेही धाडलं, तरी त्याच्या पगारावरचा कर त्याच्या स्वतःच्या राज्याचा. ते राज्य बदलायचं तर तिथे खरोखर राहावं लागतं, कायमचं राहण्याच्या इराद्याने. फ्लोरिडात असा करच नाही आणि फ्लोरिडाची हद्द छावणीपासून जेमतेम चाळीस मिनिटांवर. कंपनीतली कोवळी पोरं एकामागून एक कागदोपत्री फ्लोरिडाची होत होती. व्हिसेनंट त्यांना सांगत फिरायचा, की बाबांनो, जिथे एक रात्र झोपला नाहीत त्याला घर म्हणू नका, हा खोटा जबाब ठरतो.

आणि आता निनावी पत्र कॅप्टनला कळवत होतं, की हा उपदेशक स्वतःच चौदा मार्चला फ्लोरिडावासी झाला आहे.

"उद्या निकाल आहे," व्हिसेनंट म्हणाला. "दंडावरची पट्टी गेली तर एकवेळ चालेल. पण मग पोरं माझा एक शब्द ऐकणार नाहीत."

"सही तुझी नाही ना?" गिलने विचारलं.

"माझीच आहे. तीच तर पंचाईत आहे."

ओडेसाने दाखला उजेडात धरला. सगळा मजकूर टंकलेला होता, हाताची फक्त सही. ती चार ठिकाणी उसळली होती, जणू कागदाखाली काहीतरी उंचसखल होतं. तिने पर्समधली फीत काढून उसळ्यांमधलं अंतर मोजलं. पाऊण इंच, पाऊण इंच, पाऊण इंच.

चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. व्हिसेनंटच्या नावाखाली लिहिलं होतं: जुनं राज्य टेक्सास, नवं राज्य फ्लोरिडा.

टेक्सासचं काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, की एकोणिसाव्या वर्षी सात महिने तो तिथे तेलविहिरीवर होता आणि भरती तिथूनच झाला. बाकी जन्म, घर, मतदान, कर, सगळं अलाबामाचं.

पहिली गाठ रॉइस टॅकेटशी. छावणीच्या दारासमोर त्याचं करपत्रकं भरून देण्याचं दुकान होतं. तो तळलेली कोंबडी खात होता आणि त्याच बोटांनी पोरांची पत्रकं उलटत होता. प्रत्येक पानावर तेलाचा ठसा. यंदा एकेचाळीस पोरांनी एकच पत्ता दिला, असं त्याने बेधडक सांगितलं. लेक अर्नेट, फ्लोरिडा, क्रमांक एकशे अठरा.

"तुला खटकलं नाही?" ओडेसाने विचारलं.

"पोरं म्हणतात फ्लोरिडा, मी लिहितो फ्लोरिडा. त्यांच्या पायाला वाळू लागलीय का, ते बघत बसू?" टॅकेटने बोट चाटलं. "तुमचा व्हिसेनंट मात्र कंटाळवाणा गडी. सहा वर्षं पत्रक मीच भरतोय. दरवर्षी अलाबामा."

बाहेर येऊन गिल रस्त्यावर थुंकला. "हाच तो. हात धुवावेसे वाटतायत."

"घाण आहे, पण हा तो नाही," ओडेसा म्हणाली.

पगारकचेरीतल्या कॉर्पोरल नदीन ऑक्सने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. व्हिसेनंटच्या नावापुढे करासाठी एकच रकाना होता. चौदा मार्चपर्यंत अलाबामा, पुढे फ्लोरिडा. कागद कंपनीच्या थैलीतून आला आणि तिने नवं राज्य चढवलं. जुनं राज्य तिला लागतच नाही, म्हणून चिठ्ठी तिने वाचलीही नव्हती.

तिसरा मर्ल स्ट्राउड, कंपनीचा फर्स्ट सार्जंट, पोरांच्या भाषेत 'टॉप'. जानेवारीत बदलून आलेला. त्याने गालात तंबाखू धरली होती आणि बोलता बोलता तो एका प्लॅस्टिकच्या बाटलीत थुंकत होता. बाटली अर्धी भरली होती. गिलने नजर फिरवली. पाय स्ट्राउडने नकाशांच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवले होते. पेटीचं झाकण नालीदार होतं. हातात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. जीपच्या जाड किल्ल्यांत एक पितळेची, नखाएवढी चपटी.

त्याने व्हिसेनंटबद्दल हळहळ दाखवली. "गुणी पोरगा, मॅम. पण टेक्सासची माणसं. तोंड मोठं आणि पाय मातीचे."

ओडेसाच्या हातून फीत पडली. पेटीशी वाकून ती उचलायला तिला जरा वेळच लागला.

त्याच दुपारी ओडेसाच्या विनंतीवरून कॅप्टन ब्रॅनकने स्ट्राउड आणि व्हिसेनंटला आपल्या खोलीत बोलावलं. स्ट्राउड बाटली घेऊनच आला.

"सही खरी आहे," ओडेसाने सुरुवात केली. "पण टेबलावर केलेली नाही. सार्जंट, सरावाला निघताना कागदांवर सह्या कुठे करता?"

"मैदानावर, नकाशाच्या पेटीवर," व्हिसेनंट म्हणाला. "टॉप गठ्ठा पंख्यासारखा पसरून धरतात. फक्त सहीची ओळ दिसते. तेवढी करायची आणि बाजूला व्हायचं."

"त्या झाकणावरचे उंचवटे पाऊण-पाऊण इंचावर आहेत आणि सहीतल्या उसळ्याही. म्हणजे कोरा दाखला त्या गठ्ठ्यात होता आणि मजकूर मागाहून टंकला गेला. कोणी? टॅकेटने सहा वर्षं अलाबामा लिहिलं. पगारकचेरीच्या पडद्यावर जुनं राज्य अलाबामाच दिसतं. टेक्सास आहे फक्त भरतीच्या कागदांत. माणूस कुठून भरती झाला, त्याची ती नोंद. पुढे घरी पाठवायचा प्रवासखर्च त्यावरून ठरतो, कर नाही. निम्मं लष्कर या दोन गोष्टींत गल्लत करतं. भरतीचे कागद कंपनीच्या कचेरीत असतात आणि त्यांची किल्ली फर्स्ट सार्जंटकडे असते."

"अंदाज आहे सगळा," स्ट्राउड म्हणाला.

"सकाळी तुम्हीच याला टेक्सासचा म्हणालात. तीन महिन्यांत त्याचं घर कुठलं, हे एकदाही विचारलं नाहीत. आणि ती चपटी किल्ली लेक अर्नेटच्या एकशे अठराची आहे की नाही, ते चाळीस मिनिटांत कळेल."

कॅप्टनने हात पुढे केला. स्ट्राउडने जुडगा त्याच्या हातावर ठेवला आणि बाटलीत थुंकला.

"पोरामागे महिना दहा डॉलर भाडं घेत होतो पत्त्याचं," तो म्हणाला. "पोरांच्या हाती चार पैसे जास्तच पडले. हा पावटा मध्ये कडमडला नसता तर सगळे सुखी होते. खोटारडा ठरला असता, की गप्प बसला असता."

"एकोणीस वर्षांची पोरं आहेत," ओडेसा म्हणाली. "त्यांची राज्यं दंड घेऊन दारात येतील, तेव्हा कागदावर सही त्यांची असेल. तुमची कुठेच नाही."

स्ट्राउडने खांदे उडवले. कॅप्टनने ती बाटली दोन बोटांनी उचलून टोपलीत टाकली आणि बोटं रुमालाला पुसली, दोनदा. निनावी पत्र फाडून त्याने व्हिसेनंटला सांगितलं, की उद्या सकाळी एकेचाळीसही पोरं मैदानावर उभी राहतील आणि बोलायचं त्याने.

"काय सांगू त्यांना, सर?"

"आधी त्यांचं फ्लोरिडातलं घर बघून या."

लेक अर्नेटमध्ये, मासेमारीची आमिषं विकणाऱ्या दुकानाशेजारी, टपालपेट्यांची एक भिंत होती. किल्ली एकशे अठराला लागली. आत एक मेलेलं झुरळ होतं, त्याखाली राज्याराज्यांच्या करखात्यांची न उघडलेली पाकिटं. व्हिसेनंटने पाकिटं काढून छातीशी धरली आणि त्यांच्यावरची नावं वाचली. गिलने नाक धरलं. ओडेसाने फीत काढली, एक टोक गिलच्या हाती दिलं आणि आकडे व्हिसेनंटकडून लिहून घेतले.

रुंदी साडेपाच इंच. उंची पावणेपाच. खोली पंधरा.